शनिवारच्या गोळ्या, तीन वाजताचा बन: स्वीडिश खाऊ घरी करताना

स्वीडनमधल्या मोठ्या वाणसामानाच्या दुकानात एक अख्खी भिंत गोळ्यांच्या पारदर्शक डब्यांनी भरलेली असते. आंबट कवट्या, गुलाबी-पांढऱ्या-हिरव्या मऊ मोटारी, काळं खारट लिकोरिस (ज्येष्ठमधाच्या गोळ्या), चॉकलेटात बुडवलेले शेंगदाणे. शेजारी कागदी पिशव्या आणि छोटे स्कूप. शनिवारी इथे मुलांची झुंबड असते. गोड तिथे मनापासून आणि भरपूर खातात, पण त्याला वार ठरलेला, वेळ ठरलेली आणि बनाचा आकारही ठरलेला. बाकीचा आठवडा राई नावाच्या धान्याचं कुरकुरीत ब्रेड, आंबवलेलं दूध, बटाटे, कोबी, गाजर आणि मासे यांवर चालतो. म्हणून इथे पाककृतींसोबत त्या कधी आणि किती खायच्या हेही दिलं आहे. ते वगळलं तर हाती नुसता मैदा आणि साखर उरते.

आधी मापं

स्वीडिश पाककृतीत वजनापेक्षा डेसिलिटर जास्त भेटतो आणि नवख्याची पहिली चूक तिथेच होते. एक डेसिलिटर म्हणजे १०० मिली. आपल्याकडे मिळणारा मोजायचा कप २४० मिलीचा असतो, त्यामुळे 'डेसिलिटर म्हणजे साधारण अर्धा कप' असं धरलं की प्रत्येक जिन्नस जास्त पडतो. एक डेसिलिटर मैदा ६० ग्रॅम, साखर ८५ ते ९० ग्रॅम आणि ओट्स ३५ ते ४० ग्रॅम भरतात. मात्स्केद म्हणजे १५ मिलीचा मोठा चमचा, तेस्केद ५ मिलीचा, आणि क्रिद्मोत हे १ मिलीचं मसाल्याचं माप. खाली सगळं ग्रॅममध्ये आहे. वजनकाटा वापराच, कारण या पिठात ४० ग्रॅम मैदा जास्त झाला तरी बन दुसऱ्या दिवशी घशाला लागतो.

कनेलबुल्ले: दालचिनीचा बन

४ ऑक्टोबर हा स्वीडनमध्ये या बनाचा दिवस, १९९९ पासून. पण तो वर्षभर भाजला जातो. नावात दालचिनी असली तरी त्याची खरी चव पिठातल्या वेलचीत आहे. वेलदोड्याचं मूळ घर दक्षिणेकडचा सह्याद्री, आणि तो पावात इतक्या सढळ हाताने घालणारे देश युरोपात स्वीडन-फिनलंडसारखे मोजकेच. श्रीखंडासाठी करतो तशी वस्त्रगाळ पूड इथे चालत नाही. दाणे सोलून खलबत्त्यात जाडसर कुटा, रव्याएवढे तुकडे राहू द्या. चावताना एखादा काळा कण दाताखाली फुटला पाहिजे. तयार पूड वापरली तर सुवास ओव्हनमध्येच उडून जातो.

वीस बनांसाठी मैदा ४२० ग्रॅम, दूध २५० मिली, बटर ७५ ग्रॅम, साखर ६५ ग्रॅम, कुटलेली वेलची २ छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा. बटर खारं असेल तर मीठ वगळा. यीस्ट ताजं असेल तर २५ ग्रॅम, इन्स्टंट ड्राय असेल तर ८ ग्रॅम. सारणासाठी बटर ७५ ग्रॅम, साखर ६५ ग्रॅम, दालचिनीची पूड १ मोठा चमचा. वरून लावायला थोडं दूध किंवा फेटलेलं अंडं.

स्वीडिश पाककृती सांगते की दूध ३७ अंशांपर्यंत, म्हणजे बोटाला कोमट लागेल इतकं तापवा. ती सूचना तिथल्या थंड स्वयंपाकघरासाठी आहे. पुण्या-मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत तसं केलं तर मळतानाच पीठ ३० अंशांच्या वर जातं, बटर सुटून पीठ तेलकट होतं आणि यीस्ट इतकं धावतं की बनाला आंबूस वास राहतो. उन्हाळ्यात दूध फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटांनी वापरा आणि इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅमवर आणा. कोमट दूध डिसेंबरात नाशिकला किंवा परदेशातल्या थंडीत.

दूध, यीस्ट, साखर, वेलची आणि मैदा एकत्र करून पाच मिनिटं मळा. मग मीठ आणि मऊ बटरचे तुकडे एकेक करून घाला. सुरुवातीला पीठ फाटल्यासारखं, चिकट आणि बिघडलंय असं वाटेल. इथेच बहुतेक जण मूठभर मैदा वर टाकतात आणि बन कोरडा होतो. मैदा घालू नका, मळत राहा. हाताने अजून दहा-बारा मिनिटं, मशीनमध्ये सात-आठ. पीठ भांड्याच्या कडा सोडू लागेल. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा. न फाटता त्याचा पातळ पडदा झाला आणि त्यातून उजेड दिसला की मळणं पुरे. लगेच फाटला तर आणखी तीन मिनिटं.

झाकून ठेवा, दुप्पट होऊ द्या. २५ अंशांला ४५ ते ६० मिनिटं लागतात, कडक उन्हाळ्यात अर्धा तासही पुरतो. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. पिठात बुडवलेलं बोट खुपसलं आणि खळगा हळूच, अर्धवट भरला तर पीठ तयार आहे. खळगा तसाच राहून आजूबाजूचं पीठ बसलं तर उशीर झाला.

सारणाचं बटर मऊ असावं, वितळलेलं नको. वितळलेलं बटर साखरेला घेऊन तळाशी वाहतं, आणि ट्रेवर काळा पाक आणि आत कोरडा बन असं होतं. बटर, साखर, दालचिनी फेटून मलमासारखं करा. पीठ साधारण ४५ बाय ३५ सेंटीमीटरचं लाटा, सारण कडेपर्यंत पसरवा. मग पत्राची घडी घालतो तसं तिसऱ्या हिश्श्यावर एक घडी, तिच्यावर दुसरी. हलक्या हाताने लाटणं फिरवा आणि दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा.

आता गाठ. पट्टीची दोन्ही टोकं धरून उलट-सुलट पिळा, ओढणी पिळतो तशी, म्हणजे सारणाच्या रेषा बाहेर दिसतात. एक टोक अंगठ्याने दाबून धरा, पट्टी तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती दोनदा गुंडाळा, उरलेलं शेपूट वरून आणून मधोमध खाली खुपसा आणि बोटं काढून घ्या. शेपूट खाली नीट अडकलं नाही तर भाजताना ते वर उभं राहतं आणि करपतं. गाठ जमत नसेल तर पीठ गुंडाळी करून अडीच सेंटीमीटरचे काप करा. फक्त गुंडाळी सैल ठेवा, घट्ट केली की मधला भाग मनोऱ्यासारखा वर येतो.

ट्रेवर अंतर ठेवून मांडा, पुन्हा ३० ते ४० मिनिटं फुगू द्या. ही जागा गरम नको, नाहीतर सारण आत्ताच गळेल. वरून दूध किंवा अंडं लावा. स्वीडनमध्ये यावर पेर्लसोकर नावाची पांढरी खड्यांची साखर टाकतात, जी भट्टीत वितळत नाही. आपल्याकडे खडीसाखर कुटून चालते, पण ती दाताला कडक लागते, म्हणून खडे दोन मिलीमीटरपेक्षा मोठे ठेवू नका.

ओव्हन २२५ अंश, मधला कप्पा, ८ ते १० मिनिटं. तापमान फार वाटेल, पण तेच बरोबर आहे. लहान बन जितका लवकर रंग घेतो तितका ओलावा आत राहतो. १८० अंशांवर वीस मिनिटं भाजलेला बन दिसायला छान आणि खायला टोस्ट. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, तिथे २१० वर ठेवा आणि सहाव्या मिनिटाला डोकावा. बाहेर काढल्यावर लगेच स्वच्छ सुती फडक्याखाली झाका, वाफेने वरची साल मऊ राहते.

हे बन पहिल्या दिवशीच उत्तम. म्हणून गार झाले की उरलेले त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. पाहुणे येणार असले की दहा मिनिटं आधी काढून १५० अंशांवर गरम करायचे. फ्रिजच्या साध्या कप्प्यात मात्र ठेवू नका, तिथे पाव सर्वांत लवकर शिळा होतो.

दालचिनीऐवजी सारणात एक मोठा चमचा कुटलेली वेलची घातली की कार्देमुम्माबुल्ले होतो. आपल्या जिभेला हाच जास्त जवळचा वाटेल.

फीका

फीका म्हणजे सगळ्यांनी मिळून घेतलेली कॉफीची सुट्टी, सोबत काहीतरी गोड. 'फीका' हा शब्द कॉफीच्या जुन्या बोलीतल्या 'काफ्फी' या रूपाची अक्षरं उलटून झाला, एकोणिसाव्या शतकात. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला स्वीडनच्या राजवटीने कॉफीवर अनेकदा बंदी घातली होती. आज सकाळी दहाच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास कचेरीतले लोक जागेवरून उठून एकत्र बसतात, पंधरा-वीस मिनिटं. संगणकासमोर कप ठेवून प्यायलेल्या कॉफीला तिथे फीका म्हणत नाहीत. सोबत एकच बन, किंवा एक-दोन बिस्किटं. पूर्वी घरी पाहुण्यांना सात प्रकारची बिस्किटं मांडायची रीत होती. सातहून कमी म्हणजे कंजुषी, जास्त म्हणजे मिरवणं. पाहुण्याने प्रत्येकातलं एक घ्यायचं.

कॉफी कागदी फिल्टरमधली, काळी किंवा किंचित दुधाची. प्रमाण एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम, मध्यम दळलेली, पाणी ९२ ते ९६ अंश. आपली चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी या बनापुढे जड पडते, कारण बनात गोडवा आणि मसाला आधीच आहे. झालेली कॉफी गॅसवर किंवा तापत्या तबकावर ठेवली की अर्ध्या तासात कडू होते. थर्मासमध्ये ओता.

अंडं आणि भट्टी दोन्ही नको असतील तर फीकासाठी चॉकलेट बॉल करा. मऊ बटर १०० ग्रॅम, ओट्स ११० ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, कोको ३ मोठे चमचे, गार कडक कॉफी २ मोठे चमचे, चिमूट मीठ. हाताने एकजीव करा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, अक्रोडाएवढे सोळा गोळे वळून डेसिकेटेड खोबऱ्यात घोळवा. बटर वितळलेलं असलं की गोळे ओशट होतात. कॉफी गरम असली तरी तेच. ओट्स फार जाड असतील तर मिक्सरमध्ये एक-दोनदा फिरवा, पीठ करू नका. मुलांसाठी कॉफीच्या जागी दूध.

रोजचं खाणं: क्नेकेब्रोड

बन तीन वाजता आला तर न्याहारीला आणि जेवणासोबत काय, याचं उत्तर हे कुरकुरीत पातळ ब्रेड. पारंपरिक क्नेकेब्रोड राईच्या पिठाचं. राई हे गव्हाच्या कुळातलं धान्य आहे, आपली मोहरीची राई नव्हे. मोठ्या गोल चकत्या लाटून मधे भोक पाडायचे, वर खाचांचं लाटणं फिरवायचे आणि भाजून झाल्यावर छताखालच्या दांडीवर ओवून ठेवायचे. वर्षातून एकदा-दोनदा भाजलेलं हे ब्रेड महिनोन्‌महिने टिकायचं, कारण त्यात ओलावाच नसतो. खाचांमुळे ते भाजताना पोळीसारखं टम्म फुगत नाही आणि सगळीकडे सारखं वाळतं.

राईचं पीठ भारतात सहज मिळत नाही. त्यासाठी अडून बसू नका, कारण स्वीडिश घरांत आज जे आवडीने केलं जातं ते बियांचं क्नेके आपल्या किराणा दुकानातल्या सामानात होतं. मक्याचं पीठ १२५ ग्रॅम, सूर्यफुलाच्या बिया ६० ग्रॅम, तीळ ४० ग्रॅम, जवस ३५ ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, तेल ५० मिली, उकळतं पाणी २०० मिली. मक्याचं पीठ म्हणजे भाकरीचं पिवळं पीठ. पांढरं कॉर्नफ्लोअर घेतलं तर लापशी होईल.

कोरडं सगळं मिसळा, तेल घाला, वरून उकळतं पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. पाणी खरंच उकळतं हवं. त्याने पीठ शिजून चिकटतं आणि जवस बुळबुळीत होऊन बिया धरून ठेवतो. कोमट पाण्याने केलेलं क्नेके ट्रेवरच भुगा होतं. मिश्रणाचे दोन भाग करा. एकेक भाग दोन बेकिंग पेपरच्या मधे ठेवून साधारण ३० बाय ३० सेंटीमीटर, तीन मिलीमीटर जाडीचा लाटा. कडा मधल्यापेक्षा पातळ झाल्या तर त्या आधी करपतात, म्हणून बोटाने दाबून कडा जाड करा. वरचा कागद काढा, जाडं मीठ भुरभुरवा, सुरीने चौकोनांच्या रेषा मारा.

१५० अंशांवर ५० ते ६० मिनिटं. हे भाजणं कमी आणि वाळवणं जास्त आहे. मधे हात लावून पाहा, वाकलं तर अजून ओलं आहे. झाल्यावर ओव्हन बंद करून दार थोडं उघडं ठेवा आणि आतच गार होऊ द्या. तुकडा मोडताना 'कट्' असा कोरडा आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात ते दोन दिवसांत नरम पडेल, तेव्हा पुन्हा दहा मिनिटं १३० अंशांवर. घट्ट डब्यात एरवी दोन आठवडे.

त्यावर बटरचा पातळ हात, चीजचा कागदासारखा काप, काकडी किंवा उकडलेल्या अंड्याच्या चकत्या. बाजारातल्या राईच्या क्नेकेची एक बाजू खोल खड्ड्यांची असते, दुसरी सपाट. खड्ड्यांच्या बाजूला बटर दुप्पट लागतं. रोज खाणाऱ्याने सपाट बाजूला लावावं. सोबत दही चालेल. तिथे दह्यासारखं पण पातळ 'फिलम्योल्क' वाडग्यात ओतून त्यात हेच ब्रेड चुरून खातात.

शनिवारचा गोडवा

मुलांना गोळ्या फक्त शनिवारी देण्याच्या या पद्धतीला 'लोर्दाग्सगूदिस' म्हणतात, आणि तिच्यामागे एक काळा इतिहास आहे. दक्षिण स्वीडनमधल्या लुंड शहरात विपेहोल्म नावाची बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची संस्था होती. तिथे १९४५ पासून दातांच्या किडीवर प्रयोग झाले. रुग्णांना मुद्दाम चिकट केलेल्या टॉफ्या दिवसभर खायला दिल्या गेल्या. कित्येकांचे दात कायमचे गेले. त्यांनी संमती दिलेली नव्हती, आणि ते देऊ शकतील अशा स्थितीतही नव्हते. जे शिकायला मिळालं ते त्यांच्या दातांच्या किमतीवर, हे ही पद्धत घरी आणणाऱ्याने विसरू नये. निष्कर्ष असा निघाला की साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली याने दात किडतात. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी सरकारी आरोग्ययंत्रणेने आठवड्यातून एकदाच गोळ्या खाण्याचा सल्ला दिला आणि लोकांनी शनिवार धरला.

कारण सोपं आहे. साखर तोंडात आली की जंतू तिचं आम्ल करतात, आणि लाळेला ते निवळायला साधारण अर्धा तास लागतो. दर तासाला एक गोळी म्हणजे दात दिवसभर आम्लात.

घरी आणायचं तर असं करा. वार एकच ठरवा आणि तो सगळ्यांना लागू, आई-बाबांनाही. मुलाला स्वतः निवडू द्या, पण पिशवी तुम्ही द्या आणि लहान द्या. शाळकरी मुलाला ५० ते ६० ग्रॅम पुरे. जेवणानंतर लगेच, एका बैठकीत, मग पाण्याने चूळ. उरलेलं रविवारी चालू ठेवायचं नाही. अभ्यास केला म्हणून जास्त, हट्ट केला म्हणून बंद, असा सौदा करू नका. शनिवार बक्षीस झाला की बाकीचे सहा दिवस शिक्षा वाटू लागतात. आणि आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या. ही पद्धत मोडते ती बहुतेक वेळा बुधवारी संध्याकाळी, प्रेमाने पुढे केलेल्या एका टॉफीने. चिक्की, जेली, सुकामेव्याची चिकट वडी हेही दाताला टॉफीसारखंच, 'घरचं आहे' म्हणून त्यांना सूट देऊ नये.

स्वीडनमध्ये राहणाऱ्या शाकाहारी मराठी घरांनी डब्यावरचं लेबल वाचावं. मऊ गोळ्यांत बहुधा 'गेलातीन' असतं, तेही अनेकदा डुकराचं. लाल रंगात ई १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला रंग. काळं लिकोरिस म्हणजे आपलं ज्येष्ठमध, त्यात बऱ्याचदा अमोनियम क्लोराइडचा खारटपणा. रक्तदाब असणाऱ्यांनी ते रोज खाऊ नये, ज्येष्ठमधाने दाब वाढतो. ग्रेन्ना गावची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पेपरमिंटची कांडी मात्र निर्धास्त घ्या. अमालिया एरिक्सन या विधवा बाईने १८५९ मध्ये ती करून विकायला सुरुवात केली. रोजच्या सामानावर कुलुपाच्या भोकाच्या आकाराचं हिरवं चिन्ह शोधा. १९८९ पासून ते सरकारी अन्न खात्याच्या नियमांप्रमाणे लावलं जातं आणि त्या प्रकारच्या इतर मालापेक्षा साखर-मीठ कमी, तंतुमय भाग जास्त असं सांगतं.

त्याच पिठाचे आणखी दोन सण

वरचं बनाचं पीठ हाताला बसलं की वर्ष कडेला लागतं. ईस्टरआधीच्या लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाच्या आदल्या मंगळवारी सेमला: गोल बन भाजा, टोपी कापा, आतला थोडा गर काढून किसलेल्या बदामाच्या मऊ लगद्यात आणि दुधात कालवून परत भरा, वर फेटलेलं क्रीम, त्यावर टोपी आणि पिठीसाखर. क्रीम खायच्या वेळीच घाला, तासाभरात बन ओला होतो.

१३ डिसेंबरला, लुसियाच्या सणाला, लुसेकात, म्हणजे केशराचा बन. वरच्या प्रमाणात वेलची-दालचिनी आणि सारण वगळा, साखर ९० ग्रॅम करा आणि अर्धा ग्रॅम केशर चिमूटभर साखरेसोबत खलून कोमट दुधात भिजवून घाला. केशराचं पीठ कोरडं होतं ही तिथली जुनी तक्रार, म्हणून स्वीडिश बायका त्यात क्वार्क हे मऊ ताजं चीज घालतात. आपला चक्का तेच काम करतो: १२५ ग्रॅम घाला आणि दूध ३० मिली कमी करा. बोटभर जाड वळी करून दोन्ही टोकं उलट दिशांना गुंडाळा. प्रत्येक वेटोळ्याच्या मधोमध भिजवलेला बेदाणा तळाला टेकेपर्यंत दाबा. नुसता वर ठेवलात तर बन फुगताना तो घरंगळून ट्रेवर जळतो.